प्रकरण सहावे : आकाशात दिसलं ते काय होतं?

आकाशदर्शनाचा कार्यक्रम संपतो, दुर्बिणी गुंडाळून होतात आणि एखादा माणूस घुटमळत जवळ येतो. चारचौघांत विचारणं त्याने टाळलेलं असतं. “हसणार नाही ना?” अशी सुरुवात करून तो हकिगत सांगू लागतो. गच्चीवर झोपलो होतो, किंवा शेताला रात्रीचं पाणी द्यायला गेलो होतो, किंवा घाटातून गाडी चालवत होतो. आकाशात एक उजेड दिसला. विमान नव्हतं, तारा नव्हता, आवाज तर नव्हताच. जागच्या जागी थांबला आणि मग एकदम निघून गेला. “ते काय असेल हो?”

या प्रश्नाची दोन तयार उत्तरं कुठेही मिळतात. एक, परग्रहावरची तबकडी. दुसरं, “तुम्हाला भास झाला.” मला दोन्ही उत्तरं सारखीच आळशी वाटतात, कारण हकिगत तपासून पाहण्याचे कष्ट दोघांनीही घेतलेले नसतात. असा अनुभव सांगणारी बहुतेक माणसं खरं बोलत असतात. त्यांना काहीतरी दिसलेलं असतं. त्या दिसण्यात डोळ्यांचा वाटा किती, मेंदूचा किती आणि नंतर झालेल्या बोलण्याचा किती, हे वेगळं काढता आलं तर निम्म्याहून जास्त कोडी घरबसल्या सुटतात. उरलेली का सुटत नाहीत, तेही कळतं.

१. पाडव्याची संध्याकाळ

सुरुवात अशा घटनेपासून करू, जी महाराष्ट्रात लाखो लोकांनी एकाच वेळी पाहिली आणि जिचा पुरावा नंतर हातात आला.

२ एप्रिल २०२२, शनिवार, गुढीपाडवा. रात्री पावणेआठच्या सुमारास जळगाव, अकोला, नागपूर, चंद्रपूर आणि तिकडे मध्य प्रदेशातही लोकांना आकाशात धगधगत्या ठिपक्यांची एक रांग सरकताना दिसली. प्रत्येक ठिपक्यामागे शेपटी होती. उल्का डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच विझते. ही रांग मात्र एवढी सावकाश चालली होती की लोकांनी खिशातून मोबाइल काढून तिची चित्रफीत घेतली. कुणी उल्कावर्षाव म्हणालं, कुणी कोसळणारं विमान, कुणी क्षेपणास्त्र, कुणी तबकड्यांचा ताफा. पाठोपाठ चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावाजवळ सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं सापडलं. आसपासच्या भागात धातूचे गोळेही मिळाले.

त्याच दिवशी न्यूझीलंडमधून ‘इलेक्ट्रॉन’ नावाचं रॉकेट उडालं होतं, म्हणून पहिला अंदाज त्याचा केला गेला. जात बरोबर ओळखली होती, व्यक्ती चुकली होती. अवकाशातल्या वस्तूंचा हिशेब ठेवणारे हार्वर्ड-स्मिथसोनियन केंद्राचे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी दाखवून दिलं, की फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चिनी ‘लाँग मार्च ३बी’ रॉकेटचा वरचा टप्पा त्याच सुमारास वातावरणात परत शिरणार होता. वर्षभर पृथ्वीभोवती फिरून तो खाली आला आणि येता येता फुटत, जळत गेला.

उल्का आणि रॉकेटचा तुकडा यांतला फरक वेगाचा आहे. उल्का सेकंदाला किमान ११ आणि कमाल ७२ किलोमीटर या वेगाने येते. कक्षेतून घसरलेल्या वस्तूचा वेग सेकंदाला आठ किलोमीटरच्या आत असतो आणि ती जवळजवळ आडवी, वातावरण खरवडत येते. त्यामुळे तिचा प्रवास काही सेकंदांत न संपता मिनिटभर किंवा त्याहून जास्त चालतो. सावकाश सरकणारी, तुटत जाणारी, एका दिशेची दिव्यांची रांग दिसली तर पहिला संशय अवकाशातल्या भंगारावर घ्यावा.

पाडव्याच्या हकिगतींत मला सगळ्यात बोलकी वाटते ती वेगळीच गोष्ट. जळगाव आणि चंद्रपूर यांच्यात सरळ रेषेत चारशे किलोमीटरचं अंतर आहे. दोन्हीकडच्या लोकांनी तीच रांग पाहिली आणि ती आपल्याच डोक्यावरून किंवा शेजारच्या गावावरून गेली, असं अनेकांना वाटलं. इतक्या लोकांची अंतराबाबत एकच गल्लत कशी होते?

२. डोळ्याला कोन कळतो, अंतर कळत नाही

आपले दोन डोळे साधारण सहा सेंटिमीटर अंतरावर आहेत. दोन्हींना दिसणाऱ्या किंचित वेगळ्या चित्रांवरून मेंदू अंतर ठरवतो. समोरचा पेला किंवा अंगणातलं मांजर यांच्यासाठी ही सोय उत्तम चालते, पण वस्तू दूर गेली की दोन्ही चित्रं सारखीच होतात. मग मेंदू ओळखीच्या वस्तूंचा आधार घेतो. ते झाड एवढं दिसतंय म्हणजे इतकं लांब असेल. रात्रीच्या आकाशात झाडही नसतं आणि दिव्याचा खरा आकारही माहीत नसतो. तिथे डोळा फक्त एक गोष्ट मोजू शकतो, ती म्हणजे कोन.

हिशेब करून पाहू. एक मीटर व्यासाचा फुगा ३०० मीटरवर आहे. दहा मीटर लांबीचं छोटं विमान तीन किलोमीटरवर आहे. आणि कल्पनेतलं शंभर मीटरचं अंतराळयान तीस किलोमीटरवर आहे. तिन्ही डोळ्यांत अगदी सारखाच कोन करतात, चंद्राच्या साधारण एक तृतीयांश. “भलं मोठं होतं, बसपेक्षाही मोठं” असं जेव्हा कोणी सांगतो, तेव्हा त्याने आधी नकळत अंतर ठरवलेलं असतं आणि आकार त्यातून निघालेला असतो.

वेगाचंही तेच. एक उजळ ठिपका तीन सेकंदांत आकाशाचे तीस अंश ओलांडतो, म्हणजे हात लांब करून धरलेल्या तीन मुठींएवढं अंतर. तो पन्नास किलोमीटर दूर असेल तर त्याचा वेग ताशी एकतीस हजार किलोमीटरच्या वर जातो आणि आपण थरारून जातो. तोच पन्नास मीटरवर असेल तर वेग ताशी एकतीस किलोमीटर. तेव्हा तो शहराच्या दिव्यांनी पोटाखालून उजळलेला एखादा रातपक्षी असू शकतो. डोळ्याने जे पाहिलं ते दोन्ही वेळा एकच आहे.

या विषयाची आधुनिक कथा ज्या घटनेपासून सुरू झाली, तिथेही हेच गणित आहे. २४ जून १९४७ रोजी केनेथ अर्नोल्ड हा अमेरिकन वैमानिक वॉशिंग्टन राज्यात आपलं छोटं विमान चालवत होता. माउंट रेनियरजवळ त्याला नऊ चकाकत्या वस्तू ओळीने जाताना दिसल्या. अर्नोल्ड डोकेबाज माणूस होता. त्याने घड्याळ पाहिलं. माउंट रेनियरपासून माउंट अ‍ॅडम्सपर्यंत जायला त्या वस्तूंना एक मिनिट बेचाळीस सेकंद लागले. दोन पर्वतांतलं अंतर सुमारे ७५ किलोमीटर. म्हणजे वेग ताशी २,६०० किलोमीटरच्या पुढे. त्या काळी जगातलं कोणतंही विमान आवाजाइतक्या वेगानेसुद्धा उडत नव्हतं.

गणितात चूक नाही. पण ते एका गृहीतावर उभं आहे, वस्तू पर्वतांच्या जवळून जात होत्या हे गृहीत. त्या निम्म्या अंतरावर असतील तर वेगही निम्मा होतो, दहाव्या हिश्शावर असतील तर ताशी २६० किलोमीटर उरतो. अर्नोल्डचं म्हणणं होतं, की त्या एका सुळक्यामागून गेल्या, म्हणून अंतराची त्याला खात्री होती. अमेरिकन हवाई दलाने पुढे या नोंदीवर ‘मृगजळ’ असा शिक्का मारला. माझ्या मते तो शिक्का घाईचा होता. तरीही वेगाच्या आकड्याचं सगळं वजन त्या एका सुळक्यावर आहे, हे खरंच.

आता उलट बाजूने पाहू. एसटीच्या खिडकीतून बाहेर बघताना रस्त्याकडेची बाभळ सुसाट मागे पळते, मधलं शेत हळू सरकतं आणि दूरचा डोंगर आपल्याबरोबरच येतोय असं वाटतं. बाभूळ जागची हललेली नसते, धावत असते ती एसटी. बघणारा स्वतः वेगात असेल तर स्थिर वस्तूही पळते. अमेरिकन नौदलाच्या लढाऊ विमानाने २०१५ मध्ये टिपलेली ‘गो फास्ट’ ही चित्रफीत जगभर गाजली. तिच्यात एक ठिपका समुद्राला घासून भन्नाट वेगाने जाताना दिसतो. नासाच्या अभ्यासगटाने २०२३ मध्ये त्याच चित्रफितीच्या पडद्यावर छापलेले कोन आणि अंतर घेऊन हिशेब मांडला. वस्तू समुद्राजवळ नव्हती, सुमारे १३ हजार फुटांवर होती आणि तिचा वेग ताशी ६५ किलोमीटरच्या आसपास होता. एवढ्या वेगाने त्या उंचीवर नुसता वारासुद्धा वाहतो. पळत होतं ते कॅमेरा बसवलेलं विमान.

३. स्थिर दिवा का हलतो?

“पण तो थांबत होता, पुन्हा हलत होता, डावीकडे जाऊन परत येत होता.” हे वर्णन फार वेळा ऐकायला मिळतं, आणि ते खरं असतं. म्हणजे दिसतं तसंच.

डोळे कधीच पूर्ण स्थिर नसतात. त्यांची बारीक थरथर सतत चालू असते. खोलीतल्या भिंती, कपाट, खिडकी यांच्या आधाराने मेंदू ती थरथर वजा करतो. गडद काळोखात एकच दिवा असेल तर वजाबाकीला आधार उरत नाही आणि स्थिर दिवा भटकू लागतो. घरात करून पाहा. खोली पूर्ण अंधारी करा, दूरच्या कोपऱ्यात एखाद्या यंत्राचा बारीक लाल दिवा ठेवा आणि एक-दोन मिनिटं त्याच्याकडे टक लावा.

मानसशास्त्रज्ञ मुझफर शरीफ यांनी १९३५ मध्ये याचाच एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. अंधाऱ्या खोलीतला स्थिर ठिपका किती हलला, असं त्यांनी लोकांना विचारलं. एकेकट्याने दिलेली उत्तरं एकमेकांपासून लांब होती. तीच माणसं एकत्र बसवून मोठ्याने उत्तरं द्यायला लावली तेव्हा आकडे हळूहळू जवळ आले आणि गटाचा एक समाईक आकडा तयार झाला. कुणी कुणाला पढवलेलं नव्हतं. “आम्ही चौघे होतो आणि चौघांनाही तसंच दिसलं” या वाक्याचं वजन या प्रयोगानंतर थोडं कमी करावं लागतं. चौघांनी वेगवेगळं लिहून दिलं असेल तर मात्र ते पुष्कळ वाढतं.

याचं आपल्याच देशातलं उदाहरण लडाखचं. २०१२ च्या उत्तरार्धात तिथल्या सीमेवर तैनात जवानांनी आकाशात तेजस्वी वस्तू दिसल्याच्या शेकडो नोंदी केल्या. त्या चिनी टेहळणी ड्रोन असाव्यात, असा संशय होता. सीमेपलीकडून रोज एक दिवा वर येतो आणि तासन्‌तास हळूहळू सरकत राहतो म्हटल्यावर संशय येणारच, आणि जवानांनी तो घेतला नसता तर ती कर्तव्यातली कसूर ठरली असती. अखेर बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांना बोलावलं गेलं. ताऱ्यांच्या तुलनेत त्या वस्तू कशा सरकतात ते पाहिल्यावर उत्तर मिळालं, एक होता गुरू आणि दुसरा शुक्र. समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरवरच्या विरळ, स्वच्छ हवेत हे दोन्ही ग्रह इतके तळपतात की मैदानी प्रदेशातल्या माणसाने ते तसे कधी पाहिलेलेच नसतात.

शुक्राची चांदणी आपण सगळेच ओळखतो, असं आपल्याला वाटतं. पण क्षितिजालगत ती लाल-हिरवी चमकते, ढग तिच्यावरून गेले की पळताना दिसते, आणि चालत्या गाडीतून पाहिली तर कित्येक किलोमीटर पाठलाग करते.

४. मधल्या जागा कोण भरतं?

आता या प्रकरणातलं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण. ३ मार्च १९६८ च्या रात्री अमेरिकेत टेनेसीपासून ओहायोपर्यंत लोकांनी आकाशातून जळत जाणारे तुकडे पाहिले. ते सोव्हिएत ‘झोंड-४’ मोहिमेच्या रॉकेटचे अवशेष होते. त्या वेळी कोलोराडो विद्यापीठात एडवर्ड कॉन्डन यांच्या नेतृत्वाखाली एक समिती याच विषयाचा अभ्यास करत होती, त्यामुळे साक्षीदारांची वर्णनं ताजी असतानाच गोळा झाली. काय होतं ते नक्की माहीत आणि काय दिसलं तेही कागदावर, असा योग फार क्वचित येतो.

बहुतेकांनी शेपट्या असलेले अनेक ठिपके, एकाच दिशेने, शांतपणे जाणारे, असं वर्णन केलं होतं. ते बरोबर होतं. पण काही जणांना एकच लांबट, सिगारच्या आकाराचं यान दिसलं होतं. त्याच्या कडेला उजळलेल्या चौकोनी खिडक्या होत्या. काहींना तर ते अगदी जवळून, कमी उंचीवरून गेल्यासारखं वाटलं होतं. प्रत्यक्षात ते तुकडे शेकडो किलोमीटर दूर होते.

ही माणसं खोटारडी नव्हती, अडाणीही नव्हती. ओळीत जाणारे चार-पाच दिवे पाहिले की मेंदू त्यांच्यामधला काळोख एका घन शरीराने भरून टाकतो, कारण रोजच्या जगात ओळीने सरकणारे दिवे कशाला तरी जोडलेलेच असतात. रेल्वेच्या डब्यांना, बसला, विमानाला. दिवे डोळ्यांनी पाहिले, यान मेंदूने बांधलं आणि माणसाला मात्र दोन्ही सारख्याच स्पष्टपणे दिसलं. पाडव्याच्या रात्रीही ‘विमान कोसळतंय’ हा समज असाच झाला.

कोणतं शरीर भरायचं ते काळ ठरवतो. १८९६-९७ मध्ये अमेरिकेत लोकांना रात्री गूढ हवाई जहाजं दिसत होती, कारण तसं जहाज कोणीतरी बांधणार अशी हवा होती. दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच, १९४६ मध्ये, स्वीडनमध्ये भुताळी रॉकेटं दिसली. जर्मन रॉकेटांची दहशत ताजी होती. १९४७ नंतर तबकड्या आल्या. आज बहुतेक जण आधी ड्रोन म्हणतात. कोकणात आणि गोव्यात रात्री डोंगरउतारावर फिरणारा उजेड हा देवचाराच्या हातातली चूड असे, आणि तो गावाची राखण करायला निघालेला आहे असं समजून लोक नमस्कार करून वाट बदलत. तबकडीपेक्षा मला ते कितीतरी बरं वाटतं, निदान त्यात राखणदार तरी आहे. आपल्याकडे आकाशातल्या उजेडांचं वर्गीकरण करायचा प्रयत्न सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त केला होता. त्याने धिष्ण्या, उल्का, अशनी, विद्युत आणि तारा असे पाच प्रकार सांगितले. फळं शुभाशुभाची असली तरी तेज, शेपटी, आवाज यांवरून प्रकार पाडायची दृष्टी निरीक्षकाची आहे.

तिसरा वाटा नंतरच्या बोलण्याचा. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये विद्यार्थ्यांना गाड्यांच्या अपघाताची फिल्म दाखवली. पन्नास जणांना विचारलं, गाड्या ‘धडकल्या’ तेव्हा वेग किती होता? दुसऱ्या पन्नास जणांना विचारताना ‘धडकल्या’ऐवजी ‘आदळून चुराडा झाला’ अशा अर्थाचा शब्द घातला. आठवड्याने पुन्हा विचारलं, फुटलेली काच पाहिलीत का? पहिल्या गटातले सात ‘हो’ म्हणाले, दुसऱ्यातले सोळा. फिल्ममध्ये फुटलेली काच नव्हतीच. प्रश्नातल्या एका शब्दाने आठवणीत काचा पडल्या. त्यामुळे “तबकडी केवढी होती?” असं साक्षीदाराला विचारणं म्हणजे त्याच्या आठवणीत तबकडी ठेवून येणं आहे.

५. नेहमीचे पाहुणे

आकाशात काय काय फिरतं, याची जुजबी ओळख असली तरी बरंच काम होतं.

सरळ रेषेत एकामागोमाग जाणाऱ्या, न लुकलुकणाऱ्या ठिपक्यांची लांबलचक माळ दिसली तर ते बहुधा स्टारलिंकचे उपग्रह. २०१९ च्या मे महिन्यात पहिले ६० एकदम सोडले गेले आणि तेव्हापासून ही माळ जगभर दिसते. सोडल्यानंतरचे काही दिवस ते जवळजवळ असतात, मग वरच्या कक्षेत पांगतात. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक साधारण ४०० किलोमीटर उंचीवरून, दीड तासात एक फेरी या गतीने जातं. ते शुक्राइतकं तेजस्वी दिसू शकतं आणि मध्येच विझतं. तेव्हा ते पृथ्वीच्या सावलीत शिरलेलं असतं. “एकदम निघून गेला” या वाक्यामागे पुष्कळदा ही सावली असते.

रॉकेट किंवा क्षेपणास्त्र संध्याकाळी किंवा पहाटे उडालं तर देखावा विलक्षण होतो. जमिनीवर अंधार असतो, पण शंभर-दोनशे किलोमीटर उंचीवर ऊन असतं. तिथे पसरलेला धूर उन्हात चमकतो. १५ डिसेंबर २०२२ रोजी संध्याकाळी बंगाल आणि ओडिशात लोकांनी असा गूढ झोत पाहिला. ती ‘अग्नी-५’ ची चाचणी होती. नॉर्वेत ९ डिसेंबर २००९ च्या सकाळी आकाशात प्रचंड मोठं चक्र फिरताना दिसलं, तेही भरकटलेल्या रशियन क्षेपणास्त्राचं.

महाराष्ट्राचा एक खास पाहुणा मात्र फारच थोड्यांना ठाऊक असतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं फुगे सोडण्याचं केंद्र हैदराबादला आहे. तिथून ५० ते ८५ मीटर व्यासाचे, पातळ प्लॅस्टिकचे, हायड्रोजन भरलेले फुगे शास्त्रीय उपकरणं घेऊन तीस-चाळीस किलोमीटर उंचीवर जातात. काही तासांनी उपकरणं रंगीत हवाईछत्रीने खाली येतात, आणि ती सोलापूर, लातूर, नांदेडपासून विदर्भापर्यंत कुठेही उतरू शकतात. त्याबद्दल जाहीर सूचना दिल्या जातात आणि पेटीवर पत्ता असतो. सूर्यास्तानंतर खाली अंधार पडल्यावर एवढा मोठा फुगा वरच्या उन्हात रुपेरी गोळ्यासारखा स्तब्ध लटकलेला दिसतो. असा गोळा पाहिलेल्या माणसाला ‘भास झाला’ म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

दिवाळीच्या सुमारास मेणबत्ती लावून सोडलेले उडते कंदील, लग्नातले लेझर झोत, शेतावर फवारणी करणारे ड्रोन, विमानतळाकडे सरळ आपल्या दिशेने येणाऱ्या विमानाचा पुढचा दिवा ही यादी आणखी लांबवता येईल. या शेवटच्याकडे लक्ष द्या. विमान थेट तुमच्याकडे येत असेल तर दिवा हलत नाही, फक्त मोठा होत जातो. मग विमान वळलं की तो ‘क्षणात नाहीसा’ होतो.

६. ‘अज्ञात’ म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी

एवढं सगळं वजा केल्यावर काही उरतं का? उरतं. पण उरलेल्याचा अर्थ लावताना मोठी गफलत होते.

फ्रान्सच्या अंतराळ संस्थेत १९७७ पासून एक विभाग नागरिकांनी पाहिलेल्या अशा घटना तपासतो. त्यांनी केलेले चार वर्ग मला फार शहाणपणाचे वाटतात. अ म्हणजे ओळख पटली. ब म्हणजे बहुधा पटली. क म्हणजे माहितीच अपुरी, ठरवता येत नाही. ड म्हणजे माहिती भरपूर, साक्ष चांगली, तरीही ओळख पटत नाही. क आणि ड दोन्हींना आपण ‘अज्ञात’ म्हणून मोकळे होतो. पण क मध्ये कोडं नसतंच, नुसतं हरवलेलं पान असतं. तिथे साधारण एक तृतीयांश प्रकरणं क मध्ये पडतात आणि ड मध्ये तीन टक्क्यांच्या आसपास.

अमेरिकन हवाई दलाच्या ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’ने १९६९ मध्ये काम थांबवलं, तेव्हा १२,६१८ नोंदींपैकी ७०१ अज्ञात राहिल्या होत्या, म्हणजे साडेपाच टक्के. अमेरिकेच्या गुप्तचर खात्यांनी २०२१ मध्ये दिलेल्या अहवालात लष्करी नोंदी १४४ होत्या आणि खात्रीने ओळख पटली होती ती फक्त एकाची, हवा जाणाऱ्या एका मोठ्या फुग्याची. वर्तमानपत्रांनी ‘१४३ गूढ’ अशी आरोळी ठोकली. अहवाल प्रत्यक्षात म्हणत होता की माहिती अपुरी आहे. बहुतेक सगळी प्रकरणं क वर्गातली होती.

आपल्याकडे १९ नोव्हेंबर २०२३ रोजी दुपारी इंफाळ विमानतळाजवळ अनोळखी वस्तू दिसली. काही तास विमानवाहतूक थांबवली गेली, हवाई दलाने शोधासाठी राफेल विमानं पाठवली आणि त्यांना काही सापडलं नाही. हे प्रकरण मी क मध्ये ठेवेन. जाहीर झालेल्या माहितीवर त्यापुढे एक पाऊलही टाकता येत नाही. परग्रहाकडेही नाही आणि पतंगाकडेही नाही.

नासाच्या २०२३ च्या अभ्यासगटाचाही निष्कर्ष असाच होता. परग्रहाशी संबंध दाखवणारा पुरावा नाही, आणि मुख्य अडचण चांगल्या मोजमापांच्या अभावाची आहे.

७. साक्षीदार बरोबर निघतात तेव्हा

विज्ञानाने पाहणाऱ्याला वेड्यात काढलं आणि नंतर विज्ञानालाच मान खाली घालावी लागली, असंही झालेलं आहे. आकाशातून दगड पडतात असं खेडूत शतकानुशतकं सांगत होते आणि अठराव्या शतकातले बरेच विद्वान त्यांना हसत होते. २६ एप्रिल १८०३ रोजी फ्रान्समधल्या लेगल गावाजवळ हजारो दगड पडले. तरुण शास्त्रज्ञ जाँ-बातिस्त बियो तिथे पाठवला गेला. तो गावोगाव फिरला, कोणाला काय दिसलं आणि काय ऐकू आलं ते वेगवेगळं विचारलं, दगड कुठे कुठे मिळाले त्याचा नकाशा केला. एकमेकांना न भेटलेल्या माणसांच्या साक्षी आणि जमिनीवरचे दगड एकाच गोष्टीकडे बोट दाखवत होते. त्यानंतर अशनींबद्दल शंका उरली नाही.

वादळी ढगांच्या वर लाल उजेडाचे झुबके चमकतात, असं वैमानिक अनेक वर्षं सांगत होते. १९८९ मध्ये मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांकडून कॅमेऱ्याची चाचणी घेताना ते अचानक टिपले गेले. आज त्यांना ‘स्प्राइट’ म्हणतात. विजेचा तरंगता गोळाही असाच. चिनी संशोधकांनी २०१२ मध्ये त्याच्या प्रकाशाचा वर्णपट योगायोगाने टिपला, त्यात मातीतली सिलिकॉन, लोह, कॅल्शियम ही मूलद्रव्यं दिसली. तो नेमका कसा तयार होतो यावर एकमत अजून नाही.

हसण्याइतकंच वाईट म्हणजे घाईने दिलेलं उत्तर. हवाई दलाचे सल्लागार खगोलशास्त्रज्ञ अ‍ॅलन हायनेक यांनी १९६६ मध्ये मिशिगनमधल्या काही दिव्यांचं कारण ‘दलदलीतला वायू’ असू शकेल असं पत्रकारांसमोर सांगितलं. देशभर खिल्ली उडाली आणि तिथले खासदार जेराल्ड फोर्ड, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांनी चौकशीची मागणी केली. सुरुवातीला पक्के संशयवादी असलेले हायनेक पुढे म्हणू लागले की उरलेल्या प्रकरणांचा नीट अभ्यास व्हायला हवा. यात मला हायनेक बदलल्याचं आश्चर्य वाटत नाही. न पटणारं स्पष्टीकरण स्पष्टीकरणाची पतच घालवतं.

८. तुम्हालाच दिसलं तर

पहिलं काम, स्थिर वस्तू शोधा. विजेचा खांब, गच्चीचा कठडा, नारळाचं झाड यांच्या कडेला तो दिवा धरून पाहा. कठड्याला डोकं टेकवून उभे राहिलात तर दिवा खरंच हलतोय की तुमचे डोळे, ते अर्ध्या मिनिटात कळेल.

दुसरं, मीटर आणि किलोमीटर लिहू नका. हात लांब करून करंगळी धरली तर तिची रुंदी साधारण एक अंश भरते, बंद मूठ दहा अंश. “पश्चिमेला, क्षितिजापासून दोन मुठी वर, करंगळीच्या पावपट आकार, एक मूठ सरकायला बारा सेकंद” एवढं वाक्य ‘प्रचंड मोठं आणि सुसाट’ या वर्णनापेक्षा शंभरपट उपयोगी आहे. दुसऱ्या गावातल्या कोणी त्याच वेळी असंच लिहिलं असेल तर दोन कोनांवरून खरं अंतर काढता येतं.

तिसरं, वेळ मिनिटापर्यंत. मोबाइलच्या घड्याळाची वेळ लिहिलीत तर उपग्रह, ग्रह, विमान यांच्या जागा नंतरही तपासता येतात. ‘दिवाळीच्या आसपास, जेवणानंतर’ यावरून काहीच तपासता येत नाही. चित्रफीत घेताना कॅमेरा मोठा करून नुसत्या दिव्यावर रोखू नका. चौकटीत छप्पर, खांब, झाड येऊ द्या. काळ्या पडद्यावरचा एकटा ठिपका, मग तो कितीही स्पष्ट असो, थेट क वर्गात जातो.

शेतात काही पडलेलं सापडलं तर त्याला हात लावू नका. रॉकेटच्या टाक्यांत हायड्रेझिनसारखं विषारी इंधन उरलेलं असू शकतं. पोलीस पाटलाला किंवा तहसील कार्यालयाला कळवा.

आणि हे सगळं घरातल्या कुणाशी बोलण्याआधी लिहा. सोबत कोणी असेल तर त्यालाही वेगळ्या कागदावर लिहू द्या, एकमेकांचं वाचू नका. एका बाजूला फक्त दिसलं ते: उजेड, रंग, दिशा, मुठी, सेकंद, आवाज. खाली तारीख, वेळ आणि सही. ते काय असावं याबद्दलचा तुमचा अंदाज कागद उलटवून मागच्या बाजूला लिहा.